बाबांच्या 240 सीडी आणि नवी छोटी सिस्टीम

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका ताईंनी विचारलं आहे: बाबा नुकतेच निवृत्त झाले. त्यांच्याकडे 240 च्या आसपास सीडी आहेत, बहुतेक शास्त्रीय आणि नाट्यसंगीत. जुनी थ्री-इन-वन बंद पडली. आम्ही भावंडं मोबाईलवरच ऐकतो. खोली दहा बाय बारा फुटांची, फ्लॅट नवा. 70,000 रुपयांपर्यंत तयारी आहे. सीडी आणि स्ट्रीमिंग दोन्ही चालेल आणि जागा कमी लागेल, अशी कोणती सिस्टीम घ्यावी?

ताई, लक्ष्मीपुरीत गेली 31 वर्षं मी टेप, अ‍ॅम्प्लिफायर आणि सीडी प्लेअर दुरुस्त करतोय. दुकानात गेलात की तुम्हाला आधी वॉट सांगतील, मग रिमोट दाखवतील, मग मोठ्ठ्या आवाजात एखादं ढॅण ढॅण गाणं लावतील. तुम्ही मनात एकच प्रश्न धरून जा: या सिस्टीमचा कुठला भाग किती वर्षं चालणार? माझ्या टेबलावर येणाऱ्या मशीनवरून सांगतो. स्पीकर चांगला असेल तर पंचवीस-तीस वर्षं हूं की चूं करत नाही. अ‍ॅम्प्लिफायर पंधरा-वीस वर्षं जातो, मध्ये एखाद-दुसरा कपॅसिटर बदलावा लागतो. सीडीची लेन्स मात्र रोजच्या वापरात सहा-आठ वर्षांत कुरकुरायला लागते. आणि स्ट्रीमिंगचा भाग, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, ते पाच-सहा वर्षांत जुनं होतं. मशीन धडधाकट असतं पण अ‍ॅप त्याला ओळख दाखवत नाही. चार भाग, चार आयुष्यं. हे चारही एकाच डब्यात बंद करून घेतले की सगळ्यात आधी जो मरतो तो बाकीच्या तिघांना बरोबर घेऊन जातो.

ताराबाई पार्कातल्या एका काकांनी 2016 मध्ये असाच एक देखणा डबा घेतला होता. स्पीकर आतच, सीडी आतच, वायफाय आतच. आवाज खरोखर गोड होता. पाच वर्षांनी 'नो डिस्क' यायला लागलं. उघडून बघितलं तर लेझर थकलेला. त्या मॉडेलचा पिकअप, म्हणजे लेझर-लेन्सचा भाग, बाजारात नाही, आणि कंपनीने सांगितलं, आम्ही सुटा पार्ट देत नाही. पुढच्या वर्षी अ‍ॅपही बंद. आतले स्पीकर ठणठणीत, अ‍ॅम्प्लिफायर ठणठणीत, पण बाहेरून जोड द्यायला एक ऑक्सची पिन सोडली तर काही नव्हतं. काका ती पिन मोबाईलला लावून ऐकतात आजही. पण ज्यासाठी पैसे मोजले होते ते गेलं, आणि त्या दिवशी त्यांना ते सांगताना मला फार वाईट वाटलं.

म्हणून माझी पहिली अट: स्पीकर वेगळे हवेत, मागे साध्या वायरीने जोडता येणारे. दुसरी: अ‍ॅम्प्लिफायरला बाहेरून डिजिटल जोडणी घेता यायला हवी, निदान एक ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशाच्या वायरीची, तरी. एवढं असलं की पुढे काहीही बदललं तरी स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर जागचे हलत नाहीत.

या अटीत बसणारे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे सीडीचा ट्रे असलेला छोटा रिसीव्हर आणि वेगळे स्पीकर. मरँट्झचा एम-सीआर 612 असा आहे: सीडी, वायफाय, आयफोनवरून गाणं पाठवायचं एअरप्ले 2, आणि 6 ओहमला दर बाजूला 60 वॉट. डेनॉनचा डी-एम 41 त्याहून साधा. 30 वॉट, सीडी, एफएम, ब्लूटूथ, दोन ऑप्टिकल जोडण्या, पण वायफाय नाही. हा वायफाय नसलेलाच मला जास्त आवडतो, कारण त्यात जुनं होण्यासारखं कमी आहे. स्ट्रीमिंगची एक छोटी डबी ऑप्टिकलला जोडायची, ती जुनी झाली की तेवढीच बदलायची. अडचण अशी की अशा मशीन आपल्याकडे दुकानात मांडलेल्या सहसा दिसत नाहीत. पुण्या-मुंबईहून मागवाव्या लागतात, आणि मागवण्याआधी भारतातली वॉरंटी आहे का, हे लेखी विचारा.

दुसरा रस्ता मी तुमच्यासाठी निवडेन. विमचा अँप नावाचा एक लहानसा अ‍ॅम्प्लिफायर मिळतो. पुस्तकाएवढा डबा, त्यात स्ट्रीमिंग आणि अ‍ॅम्प्लिफायर दोन्ही, 8 ओहमला 60 वॉट, मागे ऑप्टिकल, टीव्हीसाठी एचडीएमआय आणि साधी लाईन-इन, म्हणजे बाहेरच्या मशीनचा आवाज आत घेणारी जोडणी. त्याला एक जोडी चांगले बुकशेल्फ स्पीकर. आणि सीडीसाठी वेगळा प्लेअर. यात स्ट्रीमिंग आणि अ‍ॅम्प्लिफायर एकत्र आहेत हे मलाही दिसतं, पण लाईन-इन असल्यामुळे उद्या त्याचं अ‍ॅप बंद पडलं तरी त्याला दुसरी डबी लावून तो नुसता अ‍ॅम्प्लिफायर म्हणून चालवता येतो.

आता सीडी प्लेअर. नवा घ्यायला जाण्याआधी घरातला पोटमाळा बघा. पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा डीव्हीडी प्लेअर बहुतेक घरांत असतोच. त्याच्या मागे नारिंगी रंगाचं एक गोल छिद्र असेल तर ती कोएक्सियल डिजिटल जोडणी. सीडीवरचे आकडे तो प्लेअर तिथून जसेच्या तसे बाहेर देतो. त्यांचा आवाज करण्याचं काम नव्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये होतं. प्लेअर स्वस्तातला होता की महागातला, याने मग जवळजवळ काही बिघडत नाही. फक्त विमच्या अँपला कोएक्सियल नाही, ऑप्टिकल आहे, म्हणून मध्ये कोएक्सियलचं ऑप्टिकल करणारी छोटी डबी लागेल. ती काही शे रुपयांत मिळते. कित्येक डीव्हीडी प्लेअरना मागे थेट ऑप्टिकलही असतं, मग तीही नको.

डीव्हीडी प्लेअरचा दुसरा फायदा आपल्याकडच्या घरांनाच कळेल. बाबांच्या त्या 240 मध्ये 'एका सीडीत 100 गाणी' अशा किती आहेत ते मोजा. त्या एमपी3 च्या असतात. महागडे सीडी ट्रान्सपोर्ट, म्हणजे सीडीवरचे नुसते आकडे बाहेर देणारे प्लेअर, बऱ्याचदा त्या वाचतच नाहीत, कारण ते फक्त ऑडिओ सीडीसाठी बनवलेले असतात. डीव्हीडी प्लेअर एमपी3 वाचतो आणि नाटकांच्या व्हिडिओ सीडी असतील तर त्याही. पण एक गोष्ट तपासून घ्या. मैफलीची सीडी असेल तर आलाप एका ट्रॅकमध्ये आणि बंदिश पुढच्या ट्रॅकमध्ये असते, मधला तानपुरा तुटायला नको. काही प्लेअर ट्रॅक बदलताना अर्धा सेकंद मुके होतात. रागाची बैठक जमलेली असताना तो खड्डा फार टोचतो. घरचीच एखादी मैफलीची सीडी लावून तेवढा सांधा ऐका. खड्डा ऐकू आला तर तो प्लेअर एमपी3 आणि नाटकांपुरता ठेवा आणि ऑडिओ सीडीसाठी ऑप्टिकल जोडणी असलेला नवा सीडी प्लेअर बघा. तोही तुमच्या रकमेत बसवता येईल.

लेन्सबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण माझं निम्मं काम तेच आहे. सीडीचा लेझर 780 नॅनोमीटरचा, डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा. त्याच्यावरची लेन्स वाटाण्यापेक्षा लहान. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवा अशी कोंदट असते की त्या लेन्सवर ओलसर धूळ बसून पातळ पापुद्रा धरतो. त्यात देवघर त्याच खोलीत असेल तर उदबत्तीचा चिकटपणा. गिऱ्हाईक म्हणतं लेन्स गेली, मी कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हलक्या हाताने एक फेर देतो, आणि दहातली चार मशीन तिथेच चालू होतात. घरी करायचं झालं तर दाब अजिबात देऊ नका, लेन्स केसाएवढ्या तारांवर तरंगत असते. अत्तर, स्पिरिट, नेलपॉलिश रिमूव्हर यातलं काही वापरू नका. आणि पावसाळ्यात मशीन बंद ठेवू नका. आठवड्यातून दोनदा अर्धा-पाऊण तास चालू ठेवलं की आतल्या उबेने ओल निघून जाते. त्याच उबेपायी पाल मात्र आत येते. मागच्या जाळीतून शिरून सर्किटवर बसते, दोन पाय दोन ठिकाणी टेकले की शॉर्ट. दरवर्षी आषाढ-श्रावणात अशी तीन-चार मशीन येतात. जाळीला आतून बारीक मच्छरदाणीचा तुकडा लावून घ्या, हवा खेळेल इतपत.

सीडी पुसायची झाली तर मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. गोल ओरखडा एकाच जागची माहिती सलग खातो, आडवा ओरखडा प्लेअर भरून काढतो. आणि छापील बाजूला जास्त जपा. लोक चकचकीत बाजू जपतात, पण अ‍ॅल्युमिनियमचा थर छापील बाजूलाच, एका पातळ लाखेखाली असतो. त्या बाजूला ओरखडा गेला की तिथलं गाणं कायमचं गेलं.

हे सगळं केलं तरी सीडी कायमच्या नाहीत. विशेषतः घरी किंवा दुकानात 'राईट' करून घेतलेल्या. त्यांच्यातला रंगाचा थर उडतो. वीस वर्षांपूर्वीच्या अशा सीडी माझ्याकडे येतात, उजेडाकडे धरल्या की आरपार दिसतं. म्हणून नवी सिस्टीम यायच्या आधीच 240 सीडी कॉम्प्युटरवर उतरवायला घ्या. एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, ते शंका आलेला भाग पुन्हा पुन्हा वाचतं. एमपी3 करू नका, फ्लॅक करा. फ्लॅकमध्ये काही गळत नाही. एक ऑडिओ सीडी साधारण 300 ते 400 एमबी घेते, म्हणजे सगळ्या मिळून 100 जीबीच्या आत. आधी राईट केलेल्या घ्या, मग दुर्मीळ, मग बाकीच्या. दोन प्रती करा आणि एक भावाकडे ठेवा. पेन ड्राईव्हवर वाजवणार असाल तर लक्षात घ्या, कित्येक सिस्टीम फक्त फॅट32 पद्धतीने फॉरमॅट केलेला पेन ड्राईव्ह वाचतात, आणि मोठे पेन ड्राईव्ह दुकानातून एक्सफॅटमध्ये येतात. 'पेन ड्राईव्ह खराब आहे' म्हणून माझ्याकडे आलेले बरेचसे याच कारणाचे निघतात. रागाचं नाव, कलाकार, तबला-पेटीची साथ हे त्याच वेळी टाईप करून घ्या. बाबांना शेजारी बसवून करा. कव्हरवर नसलेली माहिती त्यांना असते.

आता स्पीकर, आणि इथे निम्मे पैसे घाला. बाबा शास्त्रीय ऐकतात म्हणता, तेव्हा हिशोब तानपुऱ्यापासून करू. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा षड्ज साधारण 139 हर्ट्झ. तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे 69 हर्ट्झच्या आसपास. तीन इंची वूफरचा, म्हणजे खालचे स्वर वाजवणाऱ्या भागाचा, स्पीकर बहुधा शंभराच्या जरा खाली आला की हात टेकतो. खर्ज तुम्हाला ऐकू आल्यासारखा वाटतो, कारण कान वरच्या स्वरांवरून तो जुळवून घेतो, पण छातीत भरत नाही. पाच इंची वूफर चांगल्या लाकडी पेटीत असेल तर 60-65 पर्यंत नीट उतरतो. म्हणून पाच ते साडेपाच इंच घ्या. त्याहून मोठा तुमच्या दहा बाय बाराच्या खोलीत घुमेल. वेगळा सबवूफर तर मुळीच नको, डग्ग्याची मींड त्यात चिखल होते.

दुसरी गोष्ट वरच्या स्वरांची. कोल्हापूरकर शास्त्रीय ऐकणारा म्हटला की त्याच्याकडे जयपूर घराणं असतंच. त्या घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात होते, आणि ती गायकी इथल्या घराघरांत मुरली आहे. केसरबाई, मोगूबाई यांची जी जुनी ध्वनिमुद्रणं सीडीवर आली, त्यातली बरीच 78 च्या तबकड्यांवरून घेतलेली, तीन-साडेतीन मिनिटांची. त्यांत वरचे स्वर मुळातच कमी आणि सुईची खरखर जास्त. तुम्ही जर दुकानात 'क्लिअर' वाटणारा, छनछनीत ट्वीटरचा, म्हणजे वरचे स्वर वाजवणाऱ्या भागाचा, स्पीकर घेतला, तर घरी आल्यावर तो केसरबाईंच्या आधी खरखर ऐकवेल. बाबा दहा मिनिटांत बंद करतील आणि कुणाला काही सांगणार नाहीत. मऊ, रेशमी डोमचा ट्वीटर असलेला स्पीकर घ्या. व्हार्फडेलची डायमंड मालिका, डालीचे छोटे स्पीकर या बाजूचे आहेत. ऐकायला जाताना बाबांना घेऊन जा, त्यांच्याच तीन सीडी न्या: एक जुन्या तबकडीवरची, एक किशोरीताईंची किंवा अशीच नव्या काळातली, एक नाट्यसंगीताची. दुकानदार स्वतःचं गाणं लावायला लागला तर नम्रपणे थांबवा. जुन्या तबकडीवर आवाज बरोबर दोन स्पीकरच्या मधोमध उभा राहिला पाहिजे, तिथे खुर्चीवर कुणी बसलंय असा. तो पसरट वाटला तर एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी जोडली आहे.

वूफरच्या कडेची गोल पट्टी बोटाने हलकेच दाबून बघा. रबराची असेल तर घ्या. फोमची पट्टी आपल्या हवेत दहा-बारा वर्षांत खाकऱ्यासारखी चुरते. जुन्या थ्री-इन-वनच्या स्पीकरना काय झालंय ते आत्ताच काढून बघा, बहुतेक हेच दिसेल.

वॉटच्या आकड्यांवर वेळ घालवू नका. पीएमपीओ (क्षणभराची, फुगवलेली ताकद) लिहिलेला आकडा वाचूच नका, आरएमएस (सलग मिळणारी ताकद) विचारा. 88 डेसिबल क्षमतेचा स्पीकर एका वॉटला एक मीटरवर 88 डेसिबल देतो, आणि एवढा आवाज घरात कुणी सलग ऐकत नाही. वॉट दुप्पट केले तरी तीनच डेसिबल वाढतात. तीस वॉट तुमच्या खोलीला भरपूर झाले. स्पीकरच्या वायरीसाठीही हजारो रुपये देऊ नका. इलेक्ट्रिकच्या दुकानातली 1.5 स्क्वेअर एमएमची तांब्याची पिळाची वायर पाच मीटरपर्यंत उत्तम चालते.

स्ट्रीमिंगचं सांगतो. ब्लूटूथवर गाणं पुन्हा एकदा दाबून लहान केलं जातं, फोन आला की मध्येच थांबतं, आणि फोन घेऊन कुणी खाली भाजी आणायला गेलं की सगळं बंद. स्पॉटिफाय कनेक्ट किंवा गुगल कास्ट असेल तर मशीन स्वतः इंटरनेटवरून गाणं आणतं, फोन नुसता रिमोट. घरात आयफोन असेल तर एअरप्ले आहे का बघा. विमच्याही सगळ्या मॉडेलमध्ये ते नाही. सीडीच्या तोडीचं ऐकायचं तर अ‍ॅपल म्युझिकवर 2021 पासून लॉसलेस, म्हणजे काही न गाळलेलं, जादा पैसे न देता मिळतं. सीडीचा वेग सेकंदाला 1,411 किलोबिट, लॉसलेसमध्ये तो दाबून साधारण निम्मा किंवा जरा जास्त होतो, म्हणजे तासाला 300-400 एमबी. वायफाय असेल तर चिंता नाही, पण मोबाईलच्या रोजच्या दीड जीबीवर चालवणार असाल तर चार-पाच तासांत संपेल. राऊटर दुसऱ्या खोलीत असेल तर 2.4 गिगाहर्ट्झवर जोडा, तो भिंतीतून जास्त जातो. जमलं तर लॅनची वायरच टाका. मात्र बाबांना जे हवं ते सगळं तिथे सापडेल अशी अपेक्षा ठेवू नका. रागांची नावं पाच-पाच स्पेलिंगमध्ये असतात आणि साथीदारांची नावं गायब. सीडी जपायचं हेही एक कारण आहे.

विजेचं एकच, पण महत्त्वाचं. एप्रिल-मेमध्ये वळीव यायच्या आधी ढग गडगडायला लागले की प्लग भिंतीतून काढा. बटण बंद करून भागत नाही. शिवाय राऊटरची लॅन वायर किंवा डिशची केबल सिस्टीमला जोडली असेल तर तीही काढा, विजेचा झटका तिथूनही येतो. अमेरिकेतल्या किंवा जपानमधल्या नातेवाइकांनी सिस्टीम पाठवतो म्हटलं तर मागे लिहिलेला व्होल्टेज आधी फोटो काढून मागवा. तिकडच्या मशीन 120 आणि 100 व्होल्टच्या असतात. आपल्या 230 मध्ये लावल्या की एका क्षणात ट्रान्सफॉर्मर जळतो.

राहिली खोली. नव्या फ्लॅटमध्ये व्हिट्रिफाइड फरशी, गुळगुळीत भिंती आणि मोठी काच. मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. मागे 'टँग' असा बारीक नाद आला तर कितीही महाग स्पीकर घ्या, तानेचे दाणे एकमेकांत मिसळणार. शिवाजी पेठेतल्या जुन्या घरांच्या सोप्यात, मातीच्या भिंती आणि वर कौलं, तिथे साधी सिस्टीमही इतकी सुरेख वाजते की मी कधीकधी दुरुस्तीनंतर मुद्दाम बसून ऐकतो. तुम्हाला फ्लॅटमध्ये तेवढं नाही, पण बरंच साधता येईल: स्पीकर आणि खुर्चीच्या मधल्या फरशीवर एक जाड जाजम किंवा घोंगडं, काचेवर जाड पडदा, आणि बाबांच्या पाठीमागच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट.

स्पीकर टीव्हीच्या शोकेसच्या खणात कोंबू नका. मागच्या भिंतीपासून वीतभर तरी पुढे, कोपऱ्यापासून दोन-अडीच फूट लांब, ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला. दोन स्पीकरमधलं अंतर आणि खुर्चीपर्यंतचं अंतर साधारण सारखं, तुमच्या खोलीत सहा फूट येईल. पहिले पंधरा दिवस स्टुलावर ठेवा. बाबांना त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत बसवा, नुसता तानपुरा लावा आणि तुम्ही एक-एक स्पीकर बोटभर पुढे-मागे सरकवत जा. ज्या जागी खर्ज भरून येतो आणि घुमत नाही, तिथे ते स्वतःच हात वर करतील. तिथे फरशीवर खडूने खूण करा, आणि कायमचे स्टँड करायला सुताराला त्यानंतरच बोलवा.